गाडी पेट्रोल जास्त का पिते? : दाना ओलीतील एका मोटारीचा हिशोब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. मी यंत्रज्ञ नाही. जमाखर्च, ताळेबंद आणि हिशोब तपासणी हे माझे विषय. पण डिसेंबर २०२४ मध्ये सत्रपरीक्षा संपल्यावर मी मामांकडे ग्वाल्हेरला गेलो आणि तेथे एका जुन्या मोटारीच्या दुखण्यात असा काही गुंतलो, की हिशोब तपासणीच्या तासाला ऐकलेली निम्मी तत्त्वे मला तेथे नव्याने उमगली. तो अनुभव आणि त्यामागचे शास्त्र माझ्यासारख्याच यंत्रशास्त्राबाहेरच्या वाचकांना समजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बेळगावहून गोवा एक्सप्रेसमध्ये बसले, की गाडी न बदलता ग्वाल्हेरला उतरता येते. दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास जेथे पडला, त्या तळाचेच पुढे 'लष्कर' नावाचे शहर झाले. दाना ओली हा त्या लष्करातला भाग. आपल्या 'ओळ' या शब्दाची तिकडे हिंदीच्या सहवासात 'ओली' झाली आहे. नावच सांगते, की ही दाण्याची, धान्याची ओळ. जुनी घरे, अरुंद रस्ता आणि त्यातून वाट काढणारी वाहने, असे तेथले रूप आहे. मामांचे घर त्याच ओळीत आहे, आणि घरासमोर भिंतीला चिकटून त्यांची छोटी, तीन सिलिंडरची मोटार उभी असते. ही मोटार त्यांनी जानेवारी २०१० मध्ये ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतली. माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आजही भरतो, आणि तेथे मोटार घेणे हा त्या गावचा एक सोहळाच आहे.

प्रश्न काय होता?

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मामांच्या गाडीची पंधरा वर्षे जानेवारी २०२५ मध्ये पुरी होत होती. नोंदणी पुढे पाच वर्षे वाढवायची, तर १ एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये शुल्क आहे, गाडीची तपासणी आहे, आणि प्रदूषण नियंत्रणाचे, म्हणजे पीयूसीचे प्रमाणपत्रही हवे. घोडे नेमके तेथेच अडले. बीएस-२ किंवा बीएस-३ मानकाच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात, इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. मामांच्या गाडीचा आकडा आला १.८.

जोडीला बाकीची लक्षणे होतीच. लिटरला सोळा किलोमीटर जाणारी गाडी बारावर आली होती. मागच्या नळीच्या तोंडाशी काजळी धरत होती. गाडी सुरू करताच पेट्रोलचा वास ओसरीपर्यंत येई. एका गॅरेजात स्पार्क प्लग बदलून झाले होते आणि इंजेक्टर साफ करून झाले होते. पुन्हा तपासले, तर आकडा जवळपास तोच! मग ऑक्सिजन सेन्सर बदलायचा सल्ला मिळाला, आणि त्यानेही भागले नाही तर 'कॉम्प्युटर गेला असेल' असे सांगण्यात आले. तो सगळा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या अंगावर येणारा होता. मामा सेवानिवृत्त कारकून. आजीला आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यावे लागते, आणि रिक्षाची पायरी तिला चढवत नाही. गाडी भंगारात गेली, तर आजीचे दवाखान्यात जाणेच थांबणार होते. मामा मला म्हणाले, "अरे, पंधरा वर्षं सांभाळली, पण आता ती आपल्याला सांभाळेना."

'श्रीमंत' मिश्रण म्हणजे काय?

गॅरेजातल्या मिस्त्रींनी आजाराचे नाव बरोबर सांगितले होते. "गाड़ी रिच चल रही है," असे ते म्हणाले. 'रिच' या शब्दाचा अर्थ आम्हा वाणिज्यवाल्यांच्या मनात वेगळाच येतो, पण येथे श्रीमंती पेट्रोलची आहे आणि गरिबी हवेची.

एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण जमले, तर पेट्रोलमधल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनचे पाणी होते. हवा याहून जास्त झाली, तर मिश्रण 'लीन' म्हणजे विरळ, आणि पेट्रोल जास्त झाले तर 'रिच' म्हणजे दाट. दाट मिश्रणात प्रत्येक कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. मग ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, काही पेट्रोल तसेच बाहेर पडते, आणि काही कार्बन काजळी होऊन प्लगवर व नळीत बसतो. पीयूसीच्या यंत्राला दिसतो तो हाच अपुऱ्या ज्वलनाचा पुरावा.

दाट मिश्रण नेहमीच दोष नसते. थंडीत सकाळी इंजिन सुरू करताना ते मुद्दाम दाट द्यावे लागते, कारण थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरेचसे पेट्रोल भिंतींना थेंबांच्या रूपाने चिकटते आणि ज्वलनात भाग घेत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी जास्तीचे पेट्रोल द्यायचे आणि इंजिन तापत जाईल तसतसे कमी करत जायचे, अशी रीत आहे. घरखर्चात सणासाठी वेगळे पैसे काढतो, तसेच हे. पण सण संपल्यावरही तोच खर्च चालू राहिला, तर घर बुडेल. माझ्या लेखाचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आले

१९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली छोटी मोटार रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यात कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटर म्हणजे अत्तरदाणीसारखी युक्ती. अरुंद नळीतून वेगाने जाणारी हवा आपल्या ओढीने पेट्रोल खेचून नेते. यंत्र साधे, स्क्रू फिरवून जुळवता येणारे. पण दर क्षणाला बदलणारे प्रमाण अचूक राखणे त्याला जमत नाही.

मग प्रदूषणाचा प्रश्न पुढे आला. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी कडक मानके ठरवून दिली. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे असते तर कन्व्हर्टरचे काम बंद पडले असते, म्हणून हा बदल आवश्यकच होता. हा कन्व्हर्टर उरलेला विषारी धूर निरुपद्रवी करतो, पण त्याची अट कडक आहे. मिश्रण १४.७ च्या अगदी जवळपास असेल, तरच तो तिन्ही प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी निपटतो. ही अट कार्ब्युरेटरला पाळता येणे कठीण होते. म्हणून इंजेक्शन पद्धत आली. १९६७ सालीच जर्मनीतील बॉश कंपनीने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोटारीत आणले होते, आणि १९७६ साली व्होल्व्होच्या मोटारींत ऑक्सिजन सेन्सर बसवला गेला. आपल्याकडे सामान्य माणसाच्या छोट्या मोटारीत ही पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली. 'एमपीएफआय' ही मोटारींच्या मागच्या काचेवरची अक्षरे कित्येक वाचकांनी पाहिली असतील. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, एवढाच त्यांचा अर्थ.

कारकून, पावत्या आणि मुनीम

ही पद्धत समजून घ्यायला मला माझ्या विषयाचीच मदत झाली. इंजिनाचा कॉम्प्युटर, ज्याला ईसीयू म्हणतात, हा मुनीम आहे. तो पेढीवर बसलेला असतो. इंजिन त्याने कधी पाहिलेले नसते. त्याच्याकडे सेन्सर नावाचे कारकून पावत्या पाठवतात, आणि त्यांवरून तो दर फेरीला ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. हा वेळ फार थोडा असतो. इंजिन नुसते चालू असताना एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचे दोन-तीन हिस्से. तेवढ्यात ठराविक दाबाचे पेट्रोल फवारले जाते.

मुख्य पावत्या चार. पहिली हवेची. कित्येक छोट्या मोटारींत इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून किती हवा आत गेली त्याचा अंदाज घेतात. हे काम मॅप सेन्सरचे. दुसरी इंजिनाच्या फेऱ्यांची. तिसरी तापमानाची. इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात म्हणजे कूलंटमध्ये बुडालेला एक लहानसा सेन्सर असतो. तो जितका थंड, तितका त्याचा विद्युत रोध जास्त. २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ४० अंशांना साडेअकराशेच्या आसपास, ६० अंशांना सहाशेच्या थोडा खाली, आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम, असे पुष्कळ गाड्यांच्या सेन्सरांचे कोष्टक आहे.

चौथी पावती निराळी आहे. पहिल्या तीन पावत्या पेट्रोल देण्याआधीच्या, तर ही दिल्यानंतरची. धुराच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात ऑक्सिजन उरला आहे का ते पाहतो. मिश्रण दाट असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, विरळ असेल तर ०.१ च्या आसपास. त्यावरून मुनीम आपली चूक सुधारतो. म्हणजे हा झाला अंतर्गत हिशोब तपासनीस. निरोगी गाडीत हा व्होल्टेज सारखा वर-खाली हलत असतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की इंजिन पुरेसे तापेपर्यंत मुनीम या तपासनिसाचे ऐकतच नाही. थंड इंजिनाला दाट मिश्रण हवेच असते, त्यामुळे तेव्हा त्याची तक्रार विचारात घेण्यात अर्थ नसतो. किती अंशांनंतर ऐकायचे, हे गाडीगणिक वेगळे असते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मुनीम सहसा चुकत नाही. त्याला मिळालेली पावती चुकलेली असते. दुसरी, कारकुनाला काढून नवा नेमण्याआधी पावती खरी की खोटी ते पाहावे. हिशोब तपासणीत यालाच पडताळा म्हणतात.

शोध कसा घ्यावा?

माझा मामेभाऊ पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याच्याकडे मल्टिमीटर होता. तो म्हणाला, "मी मोजतो, तू वाणिज्यवाला, तू वही धर." मामांच्या पिढीतल्या गाडीला आजच्यासारखा कोणताही स्कॅनर लावून दोष वाचता येईलच असे नसते. एप्रिल २०१० मध्ये निवडक शहरांत बीएस-४ मानक आले, आणि दोष स्वतः नोंदवून ठेवणारी ओबीडी व्यवस्था त्या मानकाबरोबर सक्तीची होत गेली. म्हणून अशा गाडीत डोळे, नाक, हात आणि मल्टिमीटर हीच हत्यारे. आम्ही नियम केला, की आधी फुकट होणारी तपासणी, मग स्वस्त, आणि महाग शेवटी. एका वेळी एकच बदल. आणि प्रत्येक आकडा वहीत.

सर्वसाधारण क्रम असा आहे.

पहिला एअर फिल्टर. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की मिश्रण दाट होते, म्हणून जुने लोक प्रथम त्यावर बोट ठेवतात. पण इंजेक्शनच्या गाडीत हवा मोजूनच पेट्रोल दिले जाते. हवा कमी आली, तर पेट्रोलही कमीच दिले जाते. गाडी अशक्त होईल, पण बहुधा दाट होणार नाही. आम्ही फिल्टर झटकला. तो धुळीने भरला होता, पण गुन्हेगार नव्हता.

दुसरी मॅप सेन्सरची रबरी नळी. ती चिरली किंवा निसटली, तर सेन्सरला बाहेरच्या हवेचा दाब दिसतो, मुनीम समजतो की इंजिन पूर्ण जोर लावून चालले आहे, आणि भरमसाट पेट्रोल देतो. पंधरा वर्षांचे रबर कडक होऊन तडकते, म्हणून ही तपासणी कधी टाळू नये. आमची नळी धड होती.

तिसरा पेट्रोलचा दाब. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला एक पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून सरळ इंजिनात ओढले जाते. नळी काढून आत ओल किंवा वास आहे का पाहिले की उत्तर मिळते. नळी कोरडी होती. येथे सावधगिरीचा इशारा देतो. पेट्रोलच्या नळ्यांशी काम करताना जवळ विडी, दिवा, ठिणगी काही नको. आणि दाबाची नळी जाणकाराशिवाय सोडू नये.

चौथे, गळणारा इंजेक्टर. इंजिन बंद केल्यावरही तो थेंब-थेंब गळत असेल, तर गरम इंजिन पुन्हा सुरू करताना त्रास होतो आणि सुरू होताना काळा धूर येतो. हे लक्षण आमच्याकडे नव्हते.

पाचवा ऑक्सिजन सेन्सर. येथे फसगत फार होते. सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला भेग असेल, तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर इमानाने कळवतो की ऑक्सिजन उरला आहे, आणि मुनीम पेट्रोल वाढवतो. एखादा प्लग ठिणगी चुकवत असेल, तरी न जळलेला ऑक्सिजन बाहेर येऊन हाच गैरसमज होतो. म्हणजे सेन्सर चांगला, पण त्याच्यापुढे आलेला पुरावा भेसळीचा. म्हणून सेन्सर बदलण्याआधी भेगा आणि प्लग पाहावेत. आम्ही व्होल्टेज मोजला. काटा ०.८ च्या वर चिकटून होता, हलतच नव्हता. गॅरेजातल्यांनी यावरूनच सेन्सर गेला असे ठरवले होते. पण भावाने इनटेकची एक नळी क्षणभर ओढून आत जास्तीची हवा सोडली, आणि काटा झरकन खाली आला. नळी लावताच पुन्हा वर. म्हणजे सेन्सर जिवंत होता, आणि 'मिश्रण दाट आहे' असे खरेच सांगत होता. त्याचे कोणी ऐकत नव्हते, एवढेच.

मग प्रश्न उरला, की का ऐकत नव्हते?

थंड राहणारी गाडी

सहावी पावती तापमानाची. सकाळी सहाच्या सुमारास, दाना ओलीत धुके असताना, थंड इंजिनावर सेन्सरचा रोध मोजला. सुमारे चार हजार ओहम भरला. बाहेर आठ अंशांच्या आसपास तापमान होते, तेव्हा आकडा बरोबर होता. मग मामांनी गाडी किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत आणि परत, अशी दहा किलोमीटर फिरवली. परतल्यावर मोजले, तर सातशे ओहम. कोष्टकात पाहिले, तर हे तापमान पंचावन्नच्या आसपास. दहा किलोमीटर चाललेल्या इंजिनातले पाणी ऐंशी अंशांच्या पुढे हवे.

भाऊ म्हणाला, सेन्सर खोटे बोलतो, बदलून टाकू. मीही मान डोलावली. सेन्सर स्वस्त होता. पण वही माझ्या हातात होती, आणि वहीत सकाळचा आकडा बरोबर होता. जो कारकून सकाळी खरे लिहितो, तो दुपारी खोटे का लिहील? मी मामांना विचारले, "मामा, गाडीतला तापमानाचा काटा कुठं असतो हो?"

मामा अभिमानाने म्हणाले, "खाली असतो, अगदी खाली. आपली गाडी कधी तापतच नाही. उन्हाळ्यातसुद्धा!"

त्या वाक्यात सगळे उत्तर होते, पण ते आम्हांला उलगडायला आणखी एक तास लागला. शेजारच्या गल्लीतल्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी काही मोजले नाही. थंड झालेली गाडी सुरू करायला सांगितली आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीवर हात ठेवून उभे राहिले. मिनिटाभरातच नळी कोमट होऊ लागली. ते हसून म्हणाले, "भैया, इसमें थर्मोस्टेट है ही नहीं."

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. त्यात मेणाची एक कुपी असते. इंजिन थंड असेतो तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे पाणी इंजिनातच फिरून लवकर तापते. पाणी सुमारे ८२ अंशांना पोचले की मेण वितळून फुगते आणि वाट उघडते. म्हणून निरोगी गाडीत वरची नळी काही मिनिटे थंड राहते आणि मग एकदम गरम होते. दरवानच नसेल, तर पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये जाते. मग हिवाळ्यात इंजिन तापायचे कसे?

झाकण उघडले, तर जागा खरोखरच रिकामी. मामांना मग आठवले. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गाडी एकदा तापून बंद पडली होती आणि वाटेतल्या कोणी मिस्त्रीने 'एक चीज निकाल दी है, अब कभी गरम नहीं होगी' असे सांगितले होते. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेथे हा उपाय सर्रास केला जातो. वृद्ध मिस्त्रीही म्हणाले, "गर्मी में सब यही करते हैं." तो दिलासा खरा होता, गाडी पुन्हा तापली नाही. पण गाडी का तापली, रेडिएटर तुंबला होता की पंखा लागत नव्हता, हे कोणी पाहिले नाही. रोग तसाच ठेवून दरवानाला काढून टाकले, आणि त्याचे बिल पुढे दर हिवाळ्यात पेट्रोलपंपावर भरले गेले.

आता सगळा हिशोब जुळला. सेन्सर खरे सांगत होता, की इंजिन थंड आहे. मुनीम बरोबर वागत होता. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देत होता आणि ऑक्सिजन सेन्सरची तक्रार बाजूला ठेवत होता. कारकून इमानी, मुनीम इमानी, तरी दुकान तोट्यात. कारण जी परिस्थिती ते नोंदवत होते तीच बिघडलेली होती. आणि ती परिस्थिती दाखवणारा काटा इतकी वर्षे मामांच्या डोळ्यांसमोर होता. फक्त तो खाली असणे हे आम्ही सगळ्यांनी चांगले लक्षण मानले होते.

निकाल आणि ताळेबंद

नवा थर्मोस्टॅट, त्याचा गॅस्केट आणि ताजे कूलंट असा खर्च आला. रेडिएटर बाहेरून धुतला, पंखा वेळेवर लागतो हे पाहिले. कारण उन्हाळा पुन्हा येणारच आहे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधी उघडू नये, हे मिस्त्रींनी आम्हांला दटावून सांगितले. दहा किलोमीटरच्या फेरीनंतर सेन्सरचा रोध तीनशे ओहमच्या आसपास भरला. ऑक्सिजन सेन्सरचा काटा वर-खाली नाचू लागला. चार दिवसांनी पीयूसीचा आकडा आला ०.२१. जानेवारीत नोंदणीचे कागद दाखल झाले. आजी आता आठवड्यातून दोनदा पुढच्या आसनावर बसून दवाखान्यात जाते, आणि काटा मध्यावर आहे की नाही यावर स्वतः लक्ष ठेवते.

आता थोडे अंकगणित. महिन्याला ४८० किलोमीटर गाडी चालली, तर लिटरला बारा या हिशोबाने ४० लिटर पेट्रोल लागते. सोळाने ३० लिटर. लिटरला शंभर रुपये धरले, तर महिन्याला हजार रुपयांचा फरक. थर्मोस्टॅटचा सगळा खर्च एका महिन्याच्या या नुकसानीपेक्षा कमी होता. अंदाजाने बदललेल्या प्लगांचा आणि इंजेक्टर सफाईचा खर्च मात्र त्याहून जास्त झाला होता.

पण तोटा पैशांचाच नसतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते, मग ऑइल पातळ होऊन इंजिन झिजते. तेच पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळले, तर तो अति तापून निकामी होतो. आणि कार्बन मोनॉक्साइड तर रंग-वास नसलेले विष आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून बंद गॅरेजात किंवा दारे लावलेल्या पडवीत गाडी चालू ठेवून कधीही काम करू नये. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हवेतल्या सूक्ष्म कणांच्या बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. त्याची कारणे पुष्कळ आहेत, एकट्या मोटारींच्या माथी ते मारता येणार नाही. पण अरुंद ओळीत रोज सकाळी दहा मिनिटे दाट मिश्रणावर चालणारी गाडी कोणाच्या ओसरीत धूर सोडते, हे समजायला यादीची गरज नाही.

बेळगावला परतल्यावर मी इकडच्या एका गॅरेजात सहज चौकशी केली. तेथले मेस्त्री कन्नडमध्ये म्हणाले, की आम्हीही कित्येकदा तो भाग काढून टाकतो, गिऱ्हाइकच तसे सांगते. तेव्हा हा प्रश्न काही दाना ओलीपुरता नाही. आपल्या घरी जुनी इंजेक्शनची गाडी असेल आणि ती पेट्रोल जास्त पीत असेल, तर आधी एक बिनखर्चाचे काम करावे. अर्धा तास चालल्यावर तापमानाचा काटा कोठे आहे, ते पाहावे. खाली असेल, तर समाधान मानू नये.

हिशोब तपासणीच्या पुस्तकात असते, की तेरीज जुळली म्हणजे वही खरी ठरत नाही. व्यवहार पाहावा लागतो. हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहिले होते. त्याचा अर्थ मला मामांच्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर कळला.